दुकानाचा डेटाबेस नव्या कॉम्प्युटरवर न्यायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी बॅकअप-रिस्टोअर

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या बेळगावात एकच काम सारखं येतंय, गणपत गल्लीतलं दुकान असो नाहीतर उद्यमबागेतला छोटा कारखाना, "नवीन कॉम्प्युटर आणलाय, जुन्यातला डेटा तेवढा ह्यात टाकून द्या." तेवढा म्हणे. आणि बऱ्याच वेळा हे काम ज्याच्या गळ्यात पडतं तो काय डेटाबेसवाला नसतो, मालकांचा भाचा असतोय, बीकॉमला असलेला, "तू कॉम्प्युटर शिकलायस न्हवं, बघ जरा" एवढ्यावर त्याला खुर्चीत बसवलेलं असतंय. हा लेख त्या भाच्यासाठी.

पहिलं हे बघा की तुमच्या सॉफ्टवेअरच्या मागे डेटाबेस कुठला आहे. बिलिंग, पतसंस्था, वाचनालय, दूध संकलन, असली लोकल सॉफ्टवेअरं मी जेवढी बघितलीत त्यातल्या बहुतेकांच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्वर असतोय, तोही फुकटवाला, ज्याला एक्सप्रेस म्हणतात. स्टार्ट मेनूत सर्व्हिसेस म्हणून टाइप करा, यादी उघडेल, त्यात एसक्यूएल सर्वर आणि पुढे कंसात एसक्यूएलएक्सप्रेस असं काहीतरी दिसलं तर पुढे वाचा. टॅलीवाल्यांनी इथंच थांबावं, टॅलीचं बॅकअप-रिस्टोअर त्याच्या स्वतःच्या मेनूत आहे, त्याला यातलं काही लागू नाही.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. फोल्डरच कॉपी केला तर? डेटाबेस म्हणजे डिस्कवर दोन फाइल असतात, एक एमडीएफ, त्यात खरा डेटा, आणि एक एलडीएफ, त्यात चाललेल्या व्यवहारांची नोंद, म्हणजे लॉग. सर्व्हिस चालू असताना ह्या दोन्ही फाइल एसक्यूएल सर्वरनं मुठीत धरलेल्या असतात, विंडोज कॉपी करूच देत नाही, फाइल वापरात आहे म्हणतो. सर्व्हिस बंद करून कॉपी करता येते आणि नव्या मशीनवर जोडताही येते, त्याला अटॅच म्हणतात, पण त्यात एकच फाइल आली, दुसरी राहिली, किंवा घाईत कॉपीच्या ऐवजी कट झालं, असले प्रकार मी डोळ्यानं बघितलेत. बॅकअप घेतला की सर्वर स्वतः डेटा आणि लागेल तेवढा लॉग एकत्र बांधून एकच डॉट बीएके फाइल देतो, जुन्या फाइलला कोण हात लावत नाही, काय बिघडलं तर जुनं जसंच्या तसं जागेवर. नवख्यानं हाच रस्ता धरावा असं माझं मत.

बॅकअपच्या आधीची अर्ध्या तासाची वहीपेन

जुन्या मशीनवर मॅनेजमेंट स्टुडिओ लागतो, सगळे त्याला एसएसएमएस म्हणतात. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतो. उघडा, कनेक्ट करा, आणि डाव्या बाजूला सर्वरच्या नावापुढे कंसात जो नंबर दिसतो तो वहीत लिहा. १०.० म्हणजे २००८, १०.५० म्हणजे २००८ आर२, ११ म्हणजे २०१२, १२ म्हणजे २०१४, १३ म्हणजे २०१६, १४ म्हणजे २०१७, १५ म्हणजे २०१९, १६ म्हणजे २०२२. हे कशाला, तर नियम एकच आहे पण लई कडक आहे: जुन्या व्हर्जनचा बॅकअप नव्यावर चढतो, नव्याचा जुन्यावर चढत नाही. २०१९ चा बॅकअप २०१७ वर टाकायला गेलात तर सरळ नाही म्हणतो, आणि त्याला कुठलीही पळवाट नाही, कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसला जुन्या व्हर्जनसारखं वागायला लावणारं सेटिंग) कमी करून चालेल असं कोणतरी सांगेल, चालत नाही. जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा असेल तर टेन्शन कमी, कारण विंडोज ७ वर एसक्यूएल सर्वर २०१४ च्या पुढचा जातच नाही, म्हणजे नव्यावर २०१९ किंवा २०२२ टाकलात की झालं. फारच जुना, २००० सालचा सर्वर निघाला (निघतो, हसू नका) तर त्याचा बॅकअप २०१२ किंवा पुढच्यावर थेट चढत नाही, मधे २००८ किंवा २००८ आर२ वर एकदा चढवून तिथून परत बॅकअप घ्यावा लागतो.

दुसरं, साइज. डेटाबेसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एक्सप्रेसमध्ये २०२२ पर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, २००५ आणि २००८ च्या एक्सप्रेसला ४ जीबीच होती. मर्यादा डेटाच्या फाइलला, लॉगला नाही. दुकानाचा डेटा सहसा तेवढा होत नाही पण बिलाबरोबर फोटो साठवणारं सॉफ्टवेअर असेल तर बघून घ्या, नाहीतर रिस्टोअर अर्ध्यात फेल.

तिसरं, सर्वरचं कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम कसा लावायचा त्याचा नियम. सर्वरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पहिल्याच पानावर खाली दिसतं. जे असेल ते अक्षर न अक्षर उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. नवीन सर्वर टाकताना तेच निवडायचं. वेगळं पडलं तर डेटाबेस उघडतो, बिलं दिसतात, पण एखादा रिपोर्ट काढायला गेलं की कोलेशन कॉन्फ्लिक्ट म्हणून एरर, आणि तेव्हा मूळ कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

चौथं, आणि हे बरेच जण करत नाहीत म्हणून जोरात सांगतो, आकडे लिहून घ्या. डेटाबेसवर राइट क्लिक, रिपोर्ट्स, स्टँडर्ड रिपोर्ट्स, त्यात डिस्क युसेज बाय टेबल. प्रत्येक टेबलात किती रेकॉर्ड आहेत ते समोर येतं. मोठ्या चार-पाच टेबलांचे आकडे घ्या. त्याशिवाय सॉफ्टवेअरमधून शेवटचा बिल नंबर, आजचा कॅश बॅलन्स, दोन जुन्या गिऱ्हाइकांची येणे बाकी. नव्या मशीनवर हेच आकडे जुळले तरच काम झालं, स्क्रीन उघडली म्हणून नाही.

लिहिणं थांबवा, मग बॅकअप

इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. शहापूर भागातलं एक साडीचं दुकान, दुपारी बाराला मी बॅकअप घेतला, नव्या मशीनवर सगळं चढवून साडेतीनला हसतमुखानं ताब्यात दिलं. मधल्या वेळेत काउंटरवरच्या पोरीनं जुन्या मशीनवर सतरा बिलं मारलेली. तिची काय चूक, गिऱ्हाईक समोर उभं होतं. नव्यावर बिल नंबर सुरू झाले ते बाराच्या बॅकअपच्या पुढनं, म्हणजे तेच सतरा नंबर परत, वेगळ्या माणसांच्या नावानं. जीएसटीत एका आर्थिक वर्षात एक बिल नंबर एकदाच यावा लागतो. मी मालकांना म्हटलं, अण्णा, बिलं थांबवायची होती. ते म्हणाले, "थांबवा म्हणून कोण सांगितलंय?" बरोबर होतं त्यांचं. मग सीएला विचारून एकेक निस्तरत रात्रीचे दहा.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. काम दुकान बंद झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी. मार्च एंडला तर नाहीच, दिवाळीच्या आठवड्यात पण नाही. सगळ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर बंद करायचं, बॅकअप घ्यायचा, आणि बॅकअप झाल्या झाल्या जुना डेटाबेस ऑफलाइन टाकायचा: राइट क्लिक, टास्क्स, टेक ऑफलाइन. कनेक्शन अडकलेली असतील तर नव्या एसएसएमएसमध्ये तिथंच ती तोडायचा चौकोन असतो, त्यात टिक करा. ऑफलाइन म्हणजे डिलीट नव्हे, फाइल तिथंच राहतात, फक्त कुठलंही सॉफ्टवेअर त्याला चिकटू शकत नाही, चुकून कोण बिल मारायला गेला तरी मारता येत नाही. आणि रात्री दोनला कळलं की नव्यावर काय जमत नाही, तर त्याच मेनूतून ब्रिंग ऑनलाइन करायचं आणि सकाळी दुकान जुन्यावरच सुरू. कोणाला कळतही नाही तुमचं फसलेलं.

बॅकअप असा. डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, बॅक अप. बॅकअप टाइप फुल ठेवा. कॉपी ओन्ली बॅकअप असा चौकोन आहे, कोणी आधीच रोजचे फुल आणि डिफरेन्शियल (मागच्या फुलनंतर जेवढं बदललं तेवढ्याचेच) बॅकअप लावून ठेवले असतील तर तो टिक करा, त्यांची साखळी बिघडत नाही.

आता खाली डेस्टिनेशन. इथं नवखे हमखास पडतात म्हणून थांबून वाचा. त्या चौकटीत आधीपासून एखादा जुना पाथ बसलेला असतो. तुम्ही ॲड दाबून तुमची नवीन जागा देता, आता चौकटीत दोन ओळी, आणि तुम्हाला वाटतं दोन ठिकाणी दोन बॅकअप होतील. नाही होत. एकच बॅकअप दोन फाइलमध्ये अर्धा-अर्धा वाटला जातो. तुम्ही तुमची एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन खानापूरला गेलात, तिथं रिस्टोअर दाबलं की म्हणतो मीडिया सेटमध्ये दोन मीडिया फॅमिली आहेत, एकच दिलीय. दुसरी बेळगावात. एसटी परत. तेव्हा आधी जुनी ओळ निवडून रिमूव्ह, मग ॲड, आणि चौकटीत एकच ओळ आहे बघूनच पुढे.

जागा कुठली द्यायची? डेस्कटॉप देऊ नका. बॅकअप तुम्ही घेत नाही, एसक्यूएल सर्वरची सर्व्हिस घेते, आणि ती सर्व्हिस वेगळ्या खात्यावर चालते, तिला तुमच्या डेस्कटॉपवर लिहायची परवानगी नसते, मग ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड. त्याच्या स्वतःच्या बॅकअप फोल्डरमध्येच घ्या, जो विंडो आपोआप दाखवते. प्रोग्राम फाइल्सच्या आत खोलवर असतो, २०१९ असेल तर एमएसएसक्यूएल१५ अशा नावाच्या फोल्डरात. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही काउंटरच्या मशीनवरून सर्वरला कनेक्ट होऊन बॅकअप घेत असाल तर सी ड्राइव्ह म्हणजे सर्वरचा सी ड्राइव्ह, तुमच्या समोरच्या मशीनचा नाही. तासभर फाइल शोधत बसलेली माणसं मी बघितलीत.

नाव देताना दुकानाचं नाव, तारीख, वेळ घाला आणि शेवटी डॉट बीएके स्वतः टाइप करा, नाहीतर फाइल विना शेपटीची होते आणि नंतर फाइल निवडायच्या विंडोत सहजासहजी दिसत नाही. मीडिया ऑप्शन्सच्या पानावर जा. तिथं अपेंड आधीच निवडलेलं असतं, म्हणजे त्याच नावाची फाइल असेल तर नवा बॅकअप जुन्याच्या पाठीमागे जोडला जातो, एकाच फाइलच्या पोटात सोमवारचा, मंगळवारचा, सगळे. दरवेळी नवीन नाव दिलंत तर हा प्रश्नच येत नाही. त्याच पानावर व्हेरिफाय बॅकअप व्हेन फिनिश्ड आणि परफॉर्म चेकसम, दोन्हीवर टिक. वेळ थोडा जास्त जातो, जाऊ दे. यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हे काम सुरूच करू नका, लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

पेनड्राइव्ह

छोटी गोष्ट पण अडवते. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, फॉरमॅट करताना आतलं सगळं जातंय हे ध्यानात ठेवून. कॉपी झाली की दोन्हीकडे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये साइज बाइट्समध्ये बघा, एमबीत नको, बाइट्सचा पूर्ण आकडा जुळला पाहिजे. इजेक्ट करून काढा. आणि बीएके फाइलला साधा पासवर्ड नसतो, ज्याच्या हातात फाइल त्याच्या हातात सगळे खातेदार, मोबाइल नंबर, बाकी, सगळं. पतसंस्थेचा डेटा असलेला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेऊ नका.

नव्या मशीनवर

एसक्यूएल सर्वर एक्सप्रेस टाका, व्हर्जन जुन्याइतकं किंवा वरचं. सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं त्यांना एकदा फोन करून विचारा की त्यांचं सॉफ्टवेअर कुठल्या व्हर्जनपर्यंत चालतंय. इन्स्टॉल करताना मधे ऑथेंटिकेशनचं पान येतं, तिथं मिक्स्ड मोड निवडा आणि एसए ह्या मुख्य यूजरचा पासवर्ड द्या, कारण असली बरीच सॉफ्टवेअरं एसए किंवा स्वतःच्या यूजरनं आत जातात, विंडोजच्या लॉगिननं नाही. कोलेशनचा टॅब पण तिथंच आसपास असतो, वहीतलं कोलेशन घाला.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर एक वेगळीच डोकेदुखी आहे. इन्स्टॉल शेवटपर्यंत येतं आणि डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड म्हणून पडतं. पासवर्ड बदलून, परत परत टाकून काही होत नाही. काही एनव्हीएमई डिस्क (नव्या मशीनमधल्या वेगवान एसएसडी) आपला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लिहायचा एक तुकडा, ४ केबीपेक्षा मोठा सांगतात आणि एसक्यूएल सर्वरला तेवढा मोठा सेक्टर चालत नाही, म्हणून सर्व्हिसच उठत नाही. मायक्रोसॉफ्टनं यासाठी एक रजिस्ट्री (विंडोजची आतली सेटिंग जिथं असतात ती जागा) नोंद सांगितलेली आहे, डिस्कला ४ केबीच सांगायला लावणारी, ती घालून मशीन रिस्टार्ट, अर्धवट इन्स्टॉल काढून परत इन्स्टॉल. रजिस्ट्रीला पहिल्यांदाच हात लावत असाल तर शेजारी माहितगार बसवा.

आता रिस्टोअर. बीएके फाइल नव्या मशीनच्या सर्वरच्या बॅकअप फोल्डरमध्ये कॉपी करा, डेस्कटॉपवर ठेवलीत तर परवानगीचं तेच नाटक, फाइल समोर असून विंडोत दिसणार नाही. एसएसएमएसमध्ये डेटाबेसेसवर राइट क्लिक, रिस्टोअर डेटाबेस. सोर्समध्ये डिव्हाइस निवडा, शेजारच्या तीन टिंबांवर क्लिक, ॲड, फाइल. खाली बॅकअप सेटची यादी येईल. एकाच फाइलमध्ये चार बॅकअप असतील तर तारीख-वेळ बघून शेवटचा फुल निवडलाय याची खात्री करा. त्या नावाचा रिकामा डेटाबेस आधी बनवायची गरज नाही, रिस्टोअर स्वतः बनवतो, उलट आधी बनवून ठेवलात तर हा बॅकअप दुसऱ्या डेटाबेसचा आहे म्हणून अडून बसतो.

फाइल्स नावाच्या पानावर जा. जुन्या मशीनवर डेटा डी ड्राइव्हवर होता आणि नव्याला डी ड्राइव्हच नाही, असं सर्रास असतंय. तिथं रिलोकेट ऑल फाइल्स टू फोल्डरवर टिक केलं की तो नव्या सर्वरच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये फाइल ठेवतो. ऑप्शन्सच्या पानावर रिकव्हरी स्टेट हे विथ रिकव्हरीच राहू दे. नो रिकव्हरी पडलं तर डेटाबेसच्या नावापुढे रिस्टोअरिंग असं लिहून तसाच लटकून राहतो, कारण तो पुढच्या बॅकअपची वाट बघत असतो. तिथंच ओव्हरराइट द एक्झिस्टिंग डेटाबेस म्हणून आहे, पहिल्यांदा करताना त्याची गरज नाही. आणि जिथं खरा डेटा चालू आहे त्या जुन्या मशीनवर चुकूनही रिस्टोअरची विंडो उघडू नका. दोन रिमोट विंडो शेजारी उघडून बसलेला माणूस रात्री अकराला कुठल्या विंडोत काय दाबेल सांगता येत नाही, म्हणून मी एका वेळी एकच उघडी ठेवतो.

ओके दाबा. वर टक्के पुढं सरकतात. शंभर आले की मागनं मालक विचारणार, "आयतु का?" कन्नडात, झालं का. म्हणायचं, अजून नाही.

लॉगिन, आणि तेरा तारीख

डेटाबेसचा बॅकअप म्हणजे त्या एका डेटाबेसचा बॅकअप. सर्वरची लॉगिन मास्टर नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, ती आली नाहीत. सॉफ्टवेअर एसएनं आत जात असेल तर फक्त पासवर्ड जुळला की पुरे. पण सॉफ्टवेअरचा स्वतःचा यूजर असेल तर प्रकार असा होतो: डेटाबेसच्या आत यूजर आहे, सर्वरवर त्या नावाचं लॉगिन नाही, आणि सॉफ्टवेअर उघडताना लॉगिन फेल्ड, एरर १८४५६. तुम्ही म्हणता ठीक, त्याच नावानं लॉगिन बनवतो, बनवता, आणि यूजर मॅपिंगमध्ये डेटाबेसवर टिक करायला गेलात की एरर १५०२३, यूजर आधीच आहे. आहे खरा, पण तो जुन्या सर्वरच्या लॉगिनला बांधलेला, नाव सारखं असलं तरी आतला ओळख नंबर वेगळा. गावाकडं एकाच नावाची दोन माणसं असतात आणि पोस्टमन वडिलांचं नाव विचारतो, तसं. ह्याला ऑर्फन यूजर म्हणतात. उपाय दोन. एक, डेटाबेसच्या आत सिक्युरिटी, यूजर्समध्ये जाऊन तो यूजर डिलीट करायचा आणि मग लॉगिनच्या यूजर मॅपिंगमधून परत जोडायचा, पण मग त्याला आधी दिलेले हक्क परत द्यावे लागतात, आणि एखादी स्कीमा (डेटाबेसातला टेबलांचा गट) त्याच्या नावावर असेल तर डिलीट होतच नाही. दुसरा उपाय मला आवडतो, न्यू क्वेरीत एक ओळ: ऑल्टर यूजर, मग यूजरचं नाव, विथ लॉगिन, बरोबरचं चिन्ह, मग लॉगिनचं नाव. अर्थात सगळं इंग्रजीत टाइप करून, आणि वरच्या ड्रॉपडाऊनमध्ये तुमचा डेटाबेस निवडलेला आहे बघून. यूजर जुनाच राहतो, हक्क तसेच, फक्त गाठ नव्या लॉगिनला.

आता तेरा तारखेचं. लॉगिनबरोबर एक सेटिंग असतं, डिफॉल्ट लँग्वेज. जुन्या मशीनवर कोणीतरी ते ब्रिटिश इंग्लिश करून ठेवलेलं असतं, म्हणजे तारीख दिवस-महिना-वर्ष. नवीन लॉगिन तुम्ही बनवलं की ते साधं इंग्लिश म्हणजे अमेरिकन, महिना आधी. सॉफ्टवेअर नीट लिहिलेलं असेल तर काही फरक पडत नाही, पण आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअरं तारीख नुसती मजकूर म्हणून पाठवतात. मग काय होतं, एक ते बारा तारखेपर्यंत सगळं छान चालतंय, आणि तेरा तारखेला सकाळी पहिलंच बिल मारताना एरर, कारण तेरावा महिना नसतो. एरर आला ते बरं म्हणायचं. खरं नुकसान पहिल्या बारा दिवसांत झालेलं असतंय, ५ जुलैचं बिल ७ मेला जाऊन बसलंय आणि कोणाला पत्ता नाही. लॉगिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली डिफॉल्ट लँग्वेज, जुन्यावर जे आहे तेच नव्यावर करा. विंडोजच्या रिजनमधला तारखेचा फॉरमॅट पण इंडियाचाच ठेवा. आणि ताब्यात देण्याआधी एक टेस्ट बिल मारून त्याची तारीख रिपोर्टमध्ये बघा, मग ते बिल सॉफ्टवेअरच्या रीतीनं रद्द करा.

अक्षरं गेली म्हणून घाबरू नका

हे आपल्या भागात जास्त. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही जा, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकांची नावं मराठीत श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आणि कन्नड नुडी नाहीतर बरहामध्ये, एकाच डेटाबेसात दोन्ही. नव्या मशीनवर उघडलं की पाटील, कुलकर्णी, हिरेमठ सगळे गायब आणि जागेवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मालक कपाळाला हात लावतात, डेटा गेला. गेलेला नसतो. जुन्या पद्धतीत आत इंग्रजीचेच कोड असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो, आणि फॉन्ट बॅकअपमधून येत नाही. जुन्या मशीनच्या विंडोजमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात बघा, सॉफ्टवेअर कुठला फॉन्ट वापरतं ते शोधा, लायसनचा असेल तर रीतसर घेऊन नव्यावर टाका, अक्षरं परत येतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी, कन्नड अक्षराला स्वतःचा कोड असतो त्या पद्धतीत) साठवलेलं असेल तर हा प्रश्नच नाही. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर जुन्या मशीनवर जाऊन बघा, तिथंही असतील तर ती आधीच टाइप करताना गेलेली, युनिकोड अक्षर युनिकोड न घेणाऱ्या कॉलममध्ये घातलं की असं होतं, आणि ते कुठलाही रिस्टोअर परत आणू शकत नाही.

काउंटरची बाकीची मशीनं

एकाच कॉम्प्युटरचं दुकान असेल तर हा भाग सोडा. दोन-तीन मशीनं असतील तर नवीन एक्सप्रेस बाहेरच्या कोणाचं ऐकत नाही, टीसीपी आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची पद्धत, बंदच येतं. कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, एसक्यूएलएक्सप्रेसच्या प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी आयपी एनेबल. त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये दुसऱ्या टॅबवर अगदी खाली आयपी ऑल आहे, तिथं डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करा आणि टीसीपी पोर्टमध्ये १४३३ लिहा, नाहीतर पोर्ट बदलू शकतो आणि फायरवॉलमध्ये काय उघडायचं तेच कळत नाही. सर्व्हिस रिस्टार्ट. फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ इनबाउंड उघडा. सॉफ्टवेअर सर्वरला नावानं आणि एसक्यूएलएक्सप्रेस लावून शोधत असेल तर एसक्यूएल सर्वर ब्राउझरची सर्व्हिस पण चालू करा, तिला यूडीपी १४३४ लागतो. इंटरनेटच्या राउटरवर मात्र ह्यातलं काही उघडू नका, दुकानाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच.

मग प्रत्येक मशीनवर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा कॉन्फिग फाइलमध्ये सर्वरचं नवीन नाव. काही जण नव्या मशीनला जुन्याचंच नाव देतात म्हणजे काय बदलायला नको. चालतं, पण जुनं मशीन नेटवर्कवर त्याच नावानं जिवंत असेल तर गोंधळ, म्हणून मी नाव वेगळंच ठेवतो आणि मशीनं फिरून बदलतो. एक मशीन हमखास राहतं, आतल्या गोडाऊनमधलं.

आता वही उघडा. डिस्क युसेज बाय टेबलचे आकडे, शेवटचा बिल नंबर, कॅश, दोन गिऱ्हाइकांची बाकी. जुळले की मालकांना स्वतः बसवून एक जुनं बिल उघडायला सांगा, त्यांना जे आठवतंय ते. त्यांनी मान हलवली की "आयतु".

पेनड्राइव्हवरची फाइल एका घरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि पेनड्राइव्हवरून पुसा. एक्सप्रेसमध्ये आपोआप बॅकअप घेणारा एजंट नसतो, तेव्हा नव्यावर रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो, तो त्याच आठवड्यात लावा, आणि बॅकअपची फाइल त्याच डिस्कवर राहू देऊ नका.

जुना सीपीयू एक्स्चेंजला देऊया काय म्हणून दुसऱ्याच दिवशी विचारणा होते. नाही म्हणायचं. नव्या मशीनवरून एक पूर्ण महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून होऊ दे, तोवर तो टेबलाखाली तसाच, डेटाबेस ऑफलाइन, वायर काढलेली, आणि वर चिठ्ठी: यावर बिल मारू नये. मराठीत आणि कन्नडात दोन्हीत लिहा, संध्याकाळच्या पाळीचा पोरगा गोकाककडचा आहे.